जरा आडवे पडून पाहू द्या!

आमच्या गावच्या मंडईत शेंडा मोडून पाहिल्यावाचून कोणतीही गृहिणी भेंडी पिशवीत टाकत नाही. नारळ कानाशी नेऊन हलवला जातो, कलिंगडावर बोटे वाजवली जातात, मडक्याला टिचकी मारून त्याचा आवाज ऐकला जातो. चपलांच्या दुकानात तर आपण एका पायात नवी आणि दुसऱ्या पायात जुनी चप्पल घालून दुकानभर फिरतो. वर्षभरात झिजून जाणाऱ्या वस्तूसाठी एवढा सोहळा! आणि जिच्यावर पुढची दहा वर्षे अंग टाकावयाचे, ती गादी मात्र आपण तळहाताने दोनदा दाबतो, ‘बरी आहे की’ म्हणतो आणि पैसे मोजतो. रोजचे आठ तास धरले तर दहा वर्षांचे २९,२०० तास होतात. त्यांचा निकाल आपण चार मिनिटांत लावतो. आणि तोही हाताच्या पंजाने! वाचकहो, तळहातावर कोण निजते?

दुसऱ्यांना हिणवावे म्हणून मी हे लिहीत नाही. हा गाढवपणा मी स्वतः केलेला आहे, आणि त्याची किंमत माझ्या पाठीने नव्हे, माझ्या पत्नीच्या पाठीने मोजली आहे.

२०२२ सालच्या दिवाळीत आम्ही उभयता गादी घ्यावयास गेलो. दुकान हमरस्त्यावर, दर्शनी बाजूस मोठी काच, आत गाद्यांच्या थप्प्या. प्रत्येक थप्पीची वरची गादी प्लॅस्टिकात गुंडाळलेली. मालकांनी आदराने ‘या सर, बसून पाहा ना’ म्हटले. मी कडेवर टेकलो. प्लॅस्टिक चुरचुरले. ‘जरा पडून पाहू का?’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात काचेपलीकडून नववी ‘ब’मधील दोन चिरंजीव सायकलवरून जाताना दिसले, आणि मी ते शब्द गिळले. भर बाजारात आडवा पडलेला मास्तर! दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझे चित्र निघाले असते, आणि ते हुबेहूब निघाले असते.

सौ. पदर सावरून उभीच होती. तिला कोणी बसा म्हटले नाही, आडवे पडून पाहणे तर दूरच. मी तिच्याकडे पाहिले, तर मालकच म्हणाले, “वहिनींना काय विचारायचं त्यात, सर! ऑर्थोपेडिक आहे.” त्या एका शब्दापुढे आम्ही दोघेही गप्प झालो.

डिसेंबरातील एका रात्री मला तहान लागली. उठून पाहतो तो ही स्वयंपाकघरात सतरंजीवर निजलेली! विचारले तेव्हा कळले की हा क्रम महिनाभर चालू होता. कुशीवर निजण्याची तिची सवय. गादी फळीसारखी कडक. खांदा आणि कंबर रात्रभर ठणकत. “अहो, तुम्हांला लागते ना झोप? मग झालं. एवढे पैसे घातलेत,” असे म्हणून तिने कूस बदलली. कादंबऱ्यांतून स्त्रियांच्या मनाचे तळ शोधणारा मी लेखक; शेजारची जागा महिनाभर रिकामी होती, ते मला कळले नाही!

दुसऱ्या दिवशी दुकान गाठले. मालक हसतमुखाने म्हणाले, “प्लॅस्टिक काढलंत ना, सर? आता कशी परत घेणार? आणि तुम्ही पाहूनच नेली होती की.”

हे ‘पाहूनच नेली’ फार महागाचे आहे. आपल्याकडचा १९३० सालचा मालविक्रीचा कायदा काय म्हणतो पाहा. कलम ४१ सांगते की, वेगळे काही ठरले नसेल तर, मागणी केल्यावर माल तपासून पाहण्याची वाजवी संधी विक्रेत्याने दिली पाहिजे. म्हणजे आडवे पडू देणे ही काही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे! पण त्याच कायद्याचे कलम १६ दुसरी बाजू सांगते. गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसून यावयास हवा होता त्याची हमी विक्रेत्याच्या माथी राहत नाही. आणि अमक्या गादीवर अमक्या बाईचा खांदा दुखतो हा तर दोषही ठरावयाचा नाही. गादी आपल्या जागी धडधाकट असते. ती फक्त आपली नसते. ते शोधून काढावयाचे, तर निजून पाहण्याखेरीज तरणोपाय नाही.

आता त्या ‘ऑर्थोपेडिक’ शब्दाचा समाचार घेऊ. निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने १७४१ साली हा शब्द घडवला, तो ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून. मुलांच्या अंगातील व्यंगे कशी टाळावी व सुधारावी, हा त्याच्या ग्रंथाचा विषय होता. गादीच्या चिठ्ठीवर तो शब्द छापलेला पाहून आपण मात्र डॉक्टरांनी तपासल्यासारखे निश्चिंत होतो. ‘जितकी कडक तितकी पाठीला बरी’ हे आपल्याकडील दुसरे वेदवाक्य. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम. कोणाला कोणती दिली ते त्यांना सांगितले नाही. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवरच्या लोकांना अधिक आराम पडलेला आढळला. म्हणून सर्वांनी डोळे मिटून मध्यम गादी घ्यावी असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर माझ्यात आणि त्या मालकांत फरक काय राहिला?

माझे एक स्नेही यावर म्हणतात, “आपले आजोबा घोंगडीवर निजत. त्यांना कुठे होती ही थेरं?” निजत, कबूल. पण आजोबांना ती घोंगडी ठाऊक होती. आणि घरात गादी करावयाची तेव्हा पिंजारी अंगणात येई. त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीभर घुमे, कापूस डोळ्यांदेखत पिंजला जाई. टाके घालण्यापूर्वी माझी आई खोळीवर बसून पाही, बुक्की मारून पाही आणि “इथे पोकळ लागतंय, आणखी घाला” असे त्याला खडसावी. चार-पाच वर्षांनी गादीत गोळे झाले की उसवून पुन्हा पिंजावयाची. गादी पारखणे हा तिच्या घडणीतलाच भाग होता. फोम, स्प्रिंग आणि काथ्या शिवणीआड गेले तेव्हा ती पारख आपल्या हातून गेली, आणि तिच्या जागी आपण काय आणले? भीड!

दुकानदारांचीही एक अडचण आहे, ती मी नाकारीत नाही. दहाजण लोळलेली गादी अकराव्याला कशी विकावी? पण त्यासाठी प्रत्येक प्रकारची एक गादी पडून पाहण्यासाठी वेगळी ठेवावी, तिच्यावर धुतलेली चादर घालावी, आणि घरी येणारी गादी चिठ्ठीसह तिच्याबरहुकूम आहे ना, ते पाहू द्यावे. याला काय मोठा खर्च? आता तर पेटीत गुंडाळलेली गादी घरपोच येते आणि काही कंपन्या शंभर रात्री निजून पाहा, न आवडल्यास परत करा, असे म्हणतात. ज्यांचे तोंडही आपण पाहत नाही ते शंभर रात्री देतात, आणि समोर बसून चहा पाजणारा शेठ दहा मिनिटे द्यावयास कां कू करतो!

खरा अडथळा दुकानदार नाहीच, आपण आहोत. त्यातही बाईमाणसाने चारचौघांत पाठ टेकणे म्हणजे केवढे आक्रीत! तीच बाई दिवसभर ओट्यापाशी उभी असते, तेव्हा तिच्या पाठीची लाज कोणाला वाटत नाही. ती पाठ टेकावयाची जागा निवडू लागली की सगळ्यांना संकोच होतो. हा कसला विनय? पुरुषाने दाबायची आणि बाईने निजायचे, अशी ही वाटणी आहे.

यंदा आम्ही पुन्हा गेलो, दुसऱ्या दुकानात. घरून चादर नेली, उशा नेल्या. उशी घरचीच हवी. ती बदलली की मानेचा कोन बदलतो. चपला काढल्या आणि मी म्हणालो, “आम्ही पंधरा मिनिटे पडणार आहोत.” मालक दचकले, पण नाही म्हणाले नाहीत. आम्ही दोघे पडलो. मी मुद्दाम कूस बदलली, तिला हादरा बसतो का ते पाहण्यासाठी, तो बसला. दोन पोरे काचेला नाक लावून उभी राहिली. एक पालक आत आले आणि ‘नमस्कार सर’ म्हणाले; मी पडल्या पडल्याच हात जोडले.

सौ. प्रथम लाकडासारखी ताठ होती. पाचेक मिनिटांनी ती कुशीवर वळली, पदर खांद्याशी घेऊन डोळे मिटले. दुकानातला पोरगा पंख्याचे बटण दाबून आला. घड्याळात पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. मग ती उठून बसली आणि मालकांना म्हणाली, “ही नको. डावा खांदा भरून येतो. ती पलीकडची दाखवा. आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक काढा आधी.”