नोंदच नव्हती

८ जुलै २०२० रोजी ब्रिटनमध्ये बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांचा औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेबाबतचा अहवाल प्रसिद्ध झाला. करोनाच्या त्या दिवसांत आपल्याकडे त्याकडे कोण बघणार होते? दोन वर्षांहून अधिक काळ त्यांची समिती देशभर हिंडली, सातशेहून अधिक माणसांशी बोलली. बोलणाऱ्यांत बायकाच जास्त. चौकशीचे विषय तीन. त्यातला एक योनिमार्गातून बसवलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा.

बाळंतपणे, डोक्यावरची ओझी, वाढते वय यांनी ओटीपोटाच्या तळाचा आधार सैल पडतो आणि गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरते. आपल्याकडे बाई ‘अंग बाहेर येतंय’ एवढेच सांगते, तेही वर्षानुवर्षे सोसल्यावर. तिच्याच ऊतींना टाके घालून केलेली शस्त्रक्रिया काहींना टिकते, काहींना नाही. मग हर्नियात वापरली जाणारी पॉलिप्रोपिलीनची जाळी इकडे आली. अमेरिकेच्या एफडीएने अंग उतरण्यावरच्या पहिल्या जाळीला २००२ मध्ये वाट मोकळी करून दिली, ती बायकांवर चाचण्या घेऊन नव्हे, तर ‘बाजारातल्या आधीच्या मालासारखीच आहे’ या आधारावर. लघवीची गळती रोखण्यासाठीच्या पट्ट्यांत तर याच वाटेने आणखी गंमत झाली. प्रोटेजेन नावाची पट्टी १९९९ मध्ये कंपनीने मागे घेतली, पण तिच्याशी साम्य दाखवून आलेल्या पट्ट्या विकल्या जातच राहिल्या. मूळपुरुष बाद, वंश मात्र सुखरूप.

जाळीच्या छिद्रांतून पेशी वाढाव्यात आणि आधार पक्का व्हावा, हीच तर योजना. पण काही जणींत जाळी आकसली, कडक झाली, तिची कड योनीची भिंत कापून बाहेर आली. संबंधाच्या वेळी नवऱ्यालाही टोचू लागले, तेव्हा कुठे काहींचे म्हणणे खरे मानले गेले. आणि काढायची म्हटले, तर जुन्या भिंतीतला पिंपळ उपटावा तशी गत: मुळाबरोबर भिंतही येते.

एफडीएने २००८ मध्ये इशारा दिला, पण गंभीर त्रास क्वचितच होतो म्हणाली. २०११ मध्ये तो क्वचित नाही, हे मान्य केले आणि १६ एप्रिल २०१९ रोजी अंग उतरण्यावरच्या या जाळ्यांची विक्री थांबवली. स्कॉटलंडमध्ये इलेन होम्स आणि ऑलिव्ह मॅकइलरॉय या जाळी बसवलेल्या दोघींनी अर्ज करकरून संसदेला हा विषय घ्यायला लावले. इंग्लंडने २०१८ च्या जुलैत वापर रोखून धरला. तोवर अनेकींना ‘वयाचा परिणाम’, ‘मनाचे खेळ’ अशी उत्तरे मिळून गेली होती.

प्लास्टिकच्या नावाने बोटे मोडण्यात मात्र अर्थ नाही. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मुंबईत अंग उतरलेल्या तरुण बायकांसाठी पोटातून गर्भाशय टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसवली. तिच्यात सिंथेटिक पट्टी आजही वापरतात. पोटातून बसवायची जाळीही निवडक रुग्णांत वापरली जाते. दोष घाईचा आहे, आणि त्याहून मोठा, मागे वळून न पाहण्याचा. कंबरलेज यांनी साधा प्रश्न विचारला: किती बायकांना जाळी बसवली? सरकारी आरोग्यसेवेचा एवढा बोलबाला असलेल्या देशात कुणालाही आकडा सांगता आला नाही. सरकारने माफी मागितली. भरपाईबाबत मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत रुग्ण सुरक्षा आयुक्त हेन्रिएटा ह्यूज यांना पुन्हा अहवाल द्यावा लागला. जाळीचा त्रास झालेल्या प्रत्येकीला सुरुवातीला २०,००० पौंड द्या, असे त्यांनी सुचवले.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे दुष्परिणाम नोंदवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ च्या जुलैपासून आहे. पण तक्रार करायची तर आपल्या अंगात काय बसवले, हे बाईला ठाऊक हवे. जाळीच्या डब्यासोबत कंपनीचे नाव आणि बॅच नंबर असलेले स्टिकर येते. ते रुग्णालयाच्या केसपेपरवर चिकटते, आणि केसपेपर रुग्णालयातच राहतो. दुसरे स्टिकर तिच्या डिस्चार्ज कार्डावर लावायला खर्च काहीच नाही. सरकारने ते सक्तीचे करावे. तोवर डॉक्टरांनी आपण होऊन लावावे आणि त्यावर काय लिहिले आहे, ते तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावे.