चैत्रातला पूर आणि टिटवीची अंडी

सांगलीत पुराचे मोजमाप आयर्विन पुलाच्या फुटांत होते. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे तेथील शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी ते पाठांतर अधिकच पक्के केले. परंतु याच कृष्णेला आणखी एक पूर येतो आणि त्याची नोंद कोणत्याही पुलावर होत नाही. तो चैत्र-वैशाखात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना येतो. त्याची उंची जेमतेम हात-दीड हात. कोणाच्या ओसरीला तो शिवत नाही. उलट नदीकाठी त्याचे स्वागतच होते. मात्र पात्रातल्या वाळूवर आणि गोट्यांत ज्यांचा संसार मांडलेला असतो, त्यांचे सर्वस्व त्यात बुडते.

टिटवी, कंठेरी चिखल्या, नदी सुरय हे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. उघड्या वाळूत उथळसा खळगा करायचा, त्यात खड्यांच्याच रंगाची तीन-चार अंडी घालायची आणि तीन-चार आठवडे ती सांभाळायची, एवढीच त्यांची गृहरचना. उन्हाचा कडाका वाढला की टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. म्हणूनच तिला पाण्याची जवळीक हवी असते आणि तीच तिला नडते.

वस्तुतः पक्ष्यांची ही निवड अविचाराची नव्हे. दख्खनच्या नद्या हजारो वर्षे एकाच रीतीने वागत आल्या आहेत. पावसाळा सरला की पाणी दिवसेंदिवस उतरत जायचे, ते मृगापर्यंत पुन्हा चढायचे नाही. एखाद्या वळवाचा अपवाद सोडला, तर या नियमात खंड नव्हता. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, पात्रात खोलवर घातली तर कमी, हा शेतकऱ्यांचा ठोकताळाही या भरवशावरच उभा होता. त्यात धरणाचा दरवाजा धरलेला नव्हता, इतकेच.

आता उन्हाळ्यातली कृष्णा पावसावर चालत नाही, आवर्तनावर चालते. १०५ टीएमसींच्या कोयना जलाशयातील बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळते. पूर्वेकडे जे सोडले जाते ते पायथा वीजगृहातून कोयना नदीत उतरते, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पंपांपर्यंत पोहोचते. आवर्तन थांबले की पात्र उघडे पडते. पक्षी उघड्या वाळूवर उतरतात, अंडी घालतात. मग मागणी येते आणि पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रे सुरू झाली की सुमारे २१०० क्युसेक पाणी वाहू लागते. बंधाऱ्यांचे बरगे बसलेले असतील तर फुगवटा मागे पसरतो. रात्री कोरडे असलेले वाळूचे बेट सकाळी दिसत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. नदीकाठच्या मळीत आणि बाभळबनात तित्तिर-लाव्यांमागे बंदुका घेऊन हिंडण्याचा शौक त्याने बंद केला, हे योग्यच झाले. परंतु या कायद्यातील शिकारीची व्याख्या फारसे कोणी वाचत नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, त्यांची अंडी वा घरटी विस्कटणे, यालाही हा कायदा शिकारच म्हणतो. फासेपारध्याच्या हाती चार अंडी सापडली तर कलम लागते. वाळूच्या ट्रॅक्टरखाली किंवा अवेळी सोडलेल्या पाण्याखाली चाळीस गेली तर तो विकास! नदी सुरय हा पक्षी आज जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत गणला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे या विसंगतीचे गांभीर्य कळते.

यावर आक्षेप ठरलेला आहे. जतच्या माणसाला घोटभर पाणी मिळत नसताना टिटवीचा कळवळा कशाला? आक्षेप खोटा नाही. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर कोयनेच्या पाण्यावरून सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांत जी वादावादी झाली, ती पाहता पक्ष्यांसाठी पाणी अडवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तथापि प्रश्न पाणी किती सोडावे हा नसून कसे सोडावे हा आहे. अमेरिकेत मिसुरी नदीवरील अभियंत्यांपुढे हाच पेच होता. १९८५ साली वाळूवर अंडी घालणाऱ्या तेथील लहान सुरय पक्ष्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि विणीच्या काळात धरणाच्या विसर्गाला शिस्त लावावी लागली. पक्षी जागा निवडण्यापूर्वीच पाणी चढते ठेवायचे, म्हणजे ते आपण होऊन उंचवटा पाहतात, ही त्यांची साधी युक्ती. २०२१ साली हा पक्षी धोक्याच्या यादीतून बाहेर आला. चंबळेवर पाणचिऱ्याच्या बाबतीत उलटाही अनुभव आहे: पाणी फार आटले की बेट काठाला जुळते आणि कुत्री अंड्यांपर्यंत पोहोचतात. पक्ष्यांना भरपूर पाणी नको, कोरडे पात्रही नको. स्थिर पाणी हवे. शेतकऱ्याच्या पंपालाही तेच हवे असते, हा योगायोग सोयीचा आहे.

आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. तेथे आमदार असतात, अभियंते असतात. फेब्रुवारीच्या सुमारास वनखात्याचा एक कागदही त्या टेबलावर असावा. कऱ्हाडपासून म्हैसाळपर्यंत कोणत्या बेटांवर विणीची घरटी आहेत, याची मोजणी कऱ्हाड-सांगलीच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी सुट्टीच्या आधी करू शकतील. तिला दुर्बीण आणि पायपीट यांपलीकडे खर्च नाही. विसर्ग एकदम न वाढवता चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवला, तरी कोयनेतले एकही जादा टीएमसी खर्ची पडत नाही. आणि अशा बेटांवरचा वाळूउपसा निदान मार्च ते जून रोखण्यास तर कोणत्याही समितीची गरज नाही. त्याला तहसीलदाराची सही पुरते.

टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पंचतंत्रातल्या त्या टिटवीची अंडी समुद्राने पळविली होती आणि गरुडाने विष्णूकडे दाद मागितल्यावर त्याला ती परत करावी लागली. कृष्णाकाठच्या टिटवीची तक्रार पाटबंधारे खात्याच्या कोणत्या मेजावर नोंदवायची, हे अजून ठरलेले नाही.