ओढा राजे, पण दोराच्या वाटेत नको!

जून उजाडला की दोन गोष्टी हमखास होतात. ऑफिसात लीव्ह अॅप्लिकेशन्सचा पाऊस पडतो आणि व्हॉट्सअॅपवर चिखलात रुतलेल्या थारचे व्हिडिओ फिरायला लागतात. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली आणि कालपर्यंत वीकेंडला मॉलमध्ये पार्किंग शोधणारी आपली जनता आता ताम्हिणी-मुळशीच्या कच्च्या वाटांवर फोर-बाय-फोर टाकून सुसाट सुटलीय. मजा आहे बॉस! फक्त एक छोटासा प्रॉब्लेम आहे. फोर-बाय-फोर गाडीसुद्धा रुतते. आणि ती साध्या गाडीपेक्षा बरीच आत जाऊन रुतते, जिथे ट्रॅक्टर बोलवायचा तर आधी मोबाइलला रेंज शोधावी लागते.

मग पर्याय उरतो विंचचा. इलेक्ट्रिक विंच दिसतो झक्कास, पण तो बसवायला पुढे दणकट लोखंडी बंपर लागतो. आणि बुलबार, क्रॅश गार्ड असल्या प्रकारांवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. शिवाय पुढचा विंच ओढतो पुढेच. हातानं चालवायचा विंच डिकीत राहतो, बॅटरी खात नाही, पुढे-मागे कुठेही लावता येतो. आमच्या ग्रुपवर सध्या याच विषयावर रोज रात्री बारापर्यंत कल्ला चालू आहे.

त्या कल्ल्यातलं एक वाक्य मात्र मला खटकतं : ‘अगं, हातानंच तर ओढायचंय, त्यात कसली आलीय रिस्क?’

रिस्क आहे, आणि ती जास्त आहे. इलेक्ट्रिक विंचचा रिमोट घेऊन तुम्ही लांब उभे राहू शकता. हँड विंचचा दांडा मारणारा माणूस ताणलेल्या दोरापासून हातभर अंतरावर असतो. दोरावर दोन टनांचा ताण आला, की तो मोटरनं आणला की तुमच्या बायसेप्सनं, याच्याशी दोराला काही देणंघेणं नसतं. गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला आमच्यासमोरच एका ग्रुपच्या स्वस्तातल्या पुलरचा हुक सरळ झाला आणि उडून थेट गाडीची समोरची काच फोडून आत गेला. सीटवर कोणी नव्हतं, एवढंच नशीब. त्यानंतर पाच मिनिटं कोणी एकमेकांशी बोललं नाही.

म्हणून मंडळी, खरेदीच्या आधी थोडं गणित.

किती ओढायचंय?

गाडीचं वजन म्हणजे ब्रोशरमधलं वजन नव्हे. थार साधारण पावणेदोन टनांची. त्यात चार माणसं, तंबू, कूलबॉक्स धरला की दोन टनांच्या वर गेलीच. जिम्नी बाराशे किलोंच्या आसपास, भरल्यावर दीड टन धरा. आता लष्करी रिकव्हरीतला ढोबळ नियम सांगते. चाक मध्यापर्यंत रुतलं असेल तर गाडीच्या वजनाएवढा जोर लागतो. मडगार्डपर्यंत गेलं तर दुप्पट. त्याहून वर, केबिनपर्यंत चिखल आला तर तिप्पट! चढ असेल तर त्यात भर. पंधरा अंशांच्या चढाला वजनाचा पाव हिस्सा आणखी धरायचा.

म्हणजे मडगार्डपर्यंत रुतलेल्या भरल्या थारला चार टनांहून जास्त. म्हणूनच रिकव्हरीच्या सामानातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे फावडं. आधी चाकांपुढचा चिखल काढा, सामान उतरवा, मग दोराला हात लावा. अर्धा तास खणलंत तर ओढायचा भार निम्म्यावर येतो.

बाजारात काय काय मिळतं?

पहिला, हँड पुलर. छोटा ड्रम, त्यावर तार, बाजूला रॅचेट. हलका आणि स्वस्त, म्हणून सगळे आधी यालाच भुलतात. पण तार दोन-तीन मीटरच. दर वेळी गाडी अडकवायची, सोडायची, पुन्हा बांधायची. वर ठळक लिहिलेले ‘२ टन’ बरेचदा तार कप्पीतून दुहेरी घेतल्यावरचे असतात, सरळ ओढीला त्याच्या निम्मेच. आणि ताणाखाली खटका सोडताना दांडा उलटा फिरला तर मनगट गेलंच. फार्महाउसचं फाटक ओढायला ठीक, गाडीला माझा नकार.

दुसरा, हाय-लिफ्ट जॅक. फोटोत भारी दिसतो आणि विंच म्हणूनही वापरता येतो. पण एका दमात जेमतेम मीटरभर ओढतो, आणि दांडा निसटला तर जबड्यावर बसतो. इमर्जन्सीपुरता.

तिसरा, साखळीचा लिव्हर ब्लॉक, म्हणजे आपल्या चेन पुलीचा आडवा भाऊ. ओढ एकदम कंट्रोलमध्ये, सोडतानाही एकेक कडी. साखळी मात्र बहुतेक दीड मीटरची. दगडात अडकलेली गाडी वीतभर सरकवायला मस्त, लांब चिखलातून काढायला कंटाळवाणा.

चौथा आणि माझ्या मते खरा कामाचा, वायर रोप आरपार जाणारा पुलिंग-लिफ्टिंग मशीनचा प्रकार. टिरफोर हे खरं तर एक ब्रँडनेम, पण साइटवरचे लोक या जातीच्या कुठल्याही मशीनला टर्फरच म्हणतात. आत दोन जबडे आळीपाळीनं दोर पकडतात, त्यामुळे दोर असेल तितका लांब ओढता येतो. सोडतानाही तसंच, टप्प्याटप्प्यानं. आणि याचा बेस्ट पार्ट म्हणजे शिअर पिन. क्षमतेबाहेर ताण आला की पिन तुटते, दोर नाही. गाडी मात्र जबड्यांत धरलेली राहते. त्या पिनेच्या जागी खिळा किंवा बोल्ट ठोकणारे ‘जुगाडू’ भेटतील. त्यांच्यासोबत ट्रिपला जाऊ नका, सिंपल!

साइजचं काय? थारवाल्यांनी १६०० किलोंचं मशीन आणि एक स्नॅच ब्लॉक घ्यावा. कप्पीतून दोर परत गाडीकडे आणला की घर्षण वजा जाता तीन टनांच्या आसपास ओढ मिळते. वेग निम्मा होतो आणि २० मीटर दोर १० मीटरचा होतो, पण आपल्याला कुठे लोकल पकडायचीय? जिम्नीवाल्यांनीही ८०० किलोंच्या मशीनवर समाधान मानू नये. मशीन पंधरा-वीस किलोंचं, वर दोराचं वजन वेगळं, तेव्हा डिकीत ते पक्कं बांधायची सोय करा.

दोर मात्र कंपनीनं सांगितलेल्या जाडीचा आणि जातीचाच. सिंथेटिक रोप इलेक्ट्रिक विंचला छान, या जबड्यांत नाही. आणि मशीनमध्ये ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनमवालं ग्रीस घालू नका, जबड्यांची पकड सुटू शकते.

बाकीचं सामान

कप्पीच्या झाडावर दुप्पट ताण येतो, हे विसरू नका. म्हणून तिथला रुंद पट्टा आणि बो शॅकल सगळ्यात दणकट हवेत, ४.७५ टनांचा छाप असलेला शॅकल घ्या. छापच नसेल तर तो शॅकल नाही, दागिना आहे. झाड जिवंत आणि जाड, पट्टा बुंध्याशी. शेवगा, पांगारा नको. सड्यावर झाडच नसेल तर दुसरी गाडी किंवा जमिनीत पुरलेली स्टेपनी.

गाडीला कुठे अडकवायचं, ते मॅन्युअलमध्ये बघा. सपाट रस्त्यावर टो करायला दिलेला स्क्रूचा हुक चिखलातल्या ओढीसाठी नसतो. टो-बॉल तर अजिबात नाही. तो तुटून उडाल्यानं ऑस्ट्रेलियात माणसं दगावली आहेत. ताणणारा कायनेटिक पट्टाही विंचला जोडायचा नाही.

दोरावर मध्ये जाड घोंगडी किंवा चिखलात भिजवलेलं पोतं टाका. लेदर ग्लोव्ह्ज मस्ट. दांडा मारणारा सोडून बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि दोर ओलांडून जायचं नाही. रील काढणाऱ्यालाही हा नियम लागू!

खरेदी कुठे? मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. दुकानदाराला थेट विचारा, ‘काका, टेस्ट सर्टिफिकेट आहे का?’ काका हसले आणि ‘ताई, पाच टन आरामात खेचतं’ म्हणाले, तर तुम्हीही हसा आणि शेजारच्या दुकानात जा.

आमच्या ग्रुपचं बजेट अजून अडलंय. पाच जणांत मिळून एक चांगलं मशीन घ्यायचं की प्रत्येकानं एकेक स्वस्त पुलर? माझं मत मी काल रात्री टाकलंय. तीन ब्लू टिक आल्यात, उत्तर एकाचंही नाही. पण पहिल्या ट्रिपला माझी गाडी हवी असेल, तर डिकीत पाच पुलर चालणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवते.