तळ्याचं श्रेय

आमच्या भाऊजींची ओळख या सदराच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. जातील तिथून फोटो पाठवायचे आणि खाली एक ओळ ठोकायची. या आठवड्यात ते नवेगावबांधला होते. ओळ होती : ‘निसर्गाची किमया!’

कसली डोंबलाची निसर्गाची? गोंदिया जिल्ह्यातला हा अफाट तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने बुजवल्या आणि पाणी अडवलं. भाऊजींनी गावाची पाटी नीट वाचली असती, तरी ‘बांध’ दिसला असता.

फोन करून हे सांगितलं, तर म्हणतात, ‘‘अगं, पण टेकड्या तर निसर्गाच्याच ना?’’ टेकड्यांनाही तिथे फुकट श्रेय नाही, भाऊजी. त्यांना तिथे ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध घालताना त्यांनी कोलू पाटलांना हातभार लावला, असं लोक मानतात.

तलाव बांधावेत ते कोहळी समाजानेच. जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन, अशी गोंड राजांची रीत सांगतात. ना निविदा, ना कोनशिला. तलाव फुटला तर बांधणाऱ्याचाच धान वाळणार, मग पाळ कच्ची कोण ठेवील? पाण्यावर धान आणि ऊस कोहळ्यांचा, मासळी ढिवरांची. गाळ काढणं, पाळीवर माती टाकणं, तुडुम म्हणजे पाणी सोडायची मोरी दुरुस्त करणं गावाकडेच. पुढे १९५१ साली मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी काढायचा, यासाठी अर्ज लिहायची वेळ आली.

अर्जावरून आठवलं. आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी पावसाळ्यापासून गळते आहे. तळमजलेवाले म्हणतात, गच्ची आमची नाही. वरचे म्हणतात, पाणी सगळे पिता. सचिवांनी गळतीचा अभ्यास करायला उपसमिती नेमली. उपसमितीने चहा घेतला आणि बादली ठेवण्याची शिफारस केली. बादली कोणाच्या घरची, यावर सभा तहकूब झाली.

मी मधेच कोलू पाटलांचं नाव काढलं. ‘‘कुठल्या विंगमध्ये राहतात?’’ सचिवांनी विचारलं, ‘‘त्यांचा मेंटेनन्स भरलेला आहे का?’’