पन्नाशीच्या अलीकडची मोटार

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट मोटार पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रूढ झाली, आणि जिची अखेरची टॅक्सी मुंबईने ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त होताना पाहिली, तिच्याच कुळातील १९८६ सालची एक गाडी घरच्या अंगणात सुटीच्या दिवशी मी दुरुस्त करीत असतो. आणि या उद्योगातून जे आकलन झाले, त्याच्या आधारे एका सरकारी नियमाविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

हे काम सरळ रेषेत पुढे जात नाही. ब्रेक मऊ लागतो म्हणून मागचे चाक उतरवावे, तो व्हील सिलिंडरमधून झिरपलेले तेल ब्रेक शूवर पसरलेले आढळावे; सिलिंडर सोडवू जावे, तो गंजलेल्या नटाबरोबर ब्रेकची नळीही पिळून तुटावी; आणि नव्या नळीचा मार्ग पाहण्यासाठी गाडीखाली शिरावे, तर तळाचा पत्रा इतका जीर्ण झालेला की पेचकसाचे टोक बोटाच्या दाबाने आरपार जावे. ब्रेकसाठी काढलेली गाडी मग वेल्डिंगवाल्याची वाट पाहत ठोकळ्यांवर उभी राहते. याच्या उलट, कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासून, फीलर गेजने त्यांतील फट जुळवून आणि कार्ब्युरेटरचा जेट साफ करून एखाद्या सकाळी इंजिन चोकवाचून संथ, एकसारखे फिरू लागते, तेव्हा पाहणाऱ्यास काहीही बदललेले दिसत नाही. परंतु धुराचा रंग आणि पेट्रोलचा वास बदललेला असतो. केवळ कानाने टायमिंग जुळविणारे जे वृद्ध मिस्त्री अजून गावोगावी आहेत, त्यांची विद्या अशाच गाड्यांच्या आश्रयाने जिवंत आहे.

आता नियमाकडे पाहू. २०२१ च्या अधिसूचनेने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी वाहनांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली, ही तरतूद स्तुत्यच होय. परंतु १५ वर्षे उलटल्यापासून पन्नाशी गाठेपर्यंतच्या प्रदीर्घ काळात गाडी जतन करणाऱ्याच्या वाट्याला दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, चढत्या दराचे शुल्क आणि पर्यावरण कर एवढेच येते. तळाचा पत्रा नवा घातलेली गाडी आणि गंजून सडलेली गाडी यांना दप्तरात एकच वय आणि एकच दर लागू होतो. रस्त्याची सुरक्षितता व हवेची शुद्धता यांची शासनास वाटणारी चिंता सर्वथा रास्त आहे. मात्र ब्रेक धरतो की नाही आणि धूर किती निघतो, हे यंत्राने मोजता येत असताना जन्मतारखेवर विसंबण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. शिवाय आज पस्तीस-चाळिशीत असलेली गाडी मोडीत गेली, तर पन्नाशीस पोहोचणार कोण?

म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयांत २५ वर्षांवरील खाजगी मोटारींसाठी जतनाचा एक स्वतंत्र वर्ग असावा. त्यात कठोर तपासणी, मर्यादित वापराची अट आणि कमी शुल्क यांची सांगड घालावी. आणि तपासणीत उणीव निघाल्यास ती दूर करण्यास वाजवी मुदत द्यावी, कारण घरी काम करणाऱ्याला एका नळीसाठीही जुना बाजार अनेकदा पालथा घालावा लागतो.