फोर्ज्ड पिस्टन पुरेसा नाही



ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची ताकद वाढवायला फोर्ज्ड पिस्टन पुरतो, हे गेल्या अंकातील मत मला मुळीच पटत नाही. टर्बोचा दाब वाढला की कनेक्टिंग रॉडवरचा भारही वाढतो. आरपीएम दुप्पट केले तर रॉडला ओढणारा ताण चौपट होतो. शिवाय फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर सहसा जास्त फुगतो, त्याला लायनरमध्ये क्लिअरन्स अधिक ठेवावा लागतो. डिझेलच्या अनेक कास्ट पिस्टनांत वरच्या रिंगच्या खाचेत निकेलयुक्त बिडाचे कडे ओतलेले असते, त्यामुळे खाच लवकर झिजत नाही. दिवसभर नांगरणाऱ्या इंजिनाला असा कास्ट पिस्टनच बरा. आमचे जालना पोलादाचे गाव. इथल्या मेकॅनिकांना कळकळीची विनंती, रॉडची वजने जुळवा आणि बोल्ट नवेच घाला.

– एक वाचक, मस्तगड, जालना