दारचा मोगरा आणि उसाचे पाणी

विहिरीने तळ दाखवला, पाटाचे आवर्तन लांबले, की घरोघर पहिली कुऱ्हाड पडते ती दारच्या फुलझाडांवर. "उसाला पाणी नाही अन् फुलांचे कसले चोचले?" असे कारभारी म्हणतात आणि कुंड्या वाळून जातात. सभासद बंधूंनो, हा हिशेब चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेबच मांडू. एक एकर उसाला एक इंच पाणी द्यायचे तर सुमारे १ लाख लिटर लागते. दहा कुंड्यांना रोज २० लिटर धरले, तर चार महिन्यांत २,४०० लिटर होतात. म्हणजे एकरभराच्या एका इंचात चाळीस घरांच्या कुंड्या उन्हाळाभर जगतात. फुलांपायी ऊस वाळत नाही. वरच्याने मोकाट पाणी सोडले, की पाटाच्या शेपटाकडचा ऊस वाळतो.

मात्र हे २० लिटरही घरच्या बाईने डोक्यावरून वाहायचे असेल, तर आक्षेप रास्त आहे. म्हणून तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना घालावे. साबणाचे वा मिठाचे नको.

मुघल अमलात आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्या मुलखात दारी मोगरा नसावा, हे काही बरे दिसत नाही. मोगरा तर उन्हाचाच गडी! थंडीत पाणी तोडून छाटणी करावी, मग खतपाणी सुरू केले की चैत्र-वैशाखात कळ्या धरतो. सदाफुली, चिनी गुलाब, गलांडा हेही ऊन सोसतात.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये, ती वाळली की भेगाळते. दोन पाट्या माती, एक पाटी वाळू आणि एक पाटी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा प्रेसमड घ्यावे. ताजा प्रेसमड तापतो, मुळे करपतात. तेलाचा जुना डबा, फुटका माठ चालतो, बुडाला भोके तेवढी पाडा. फवारणीच्या औषधाचे डबे मात्र घरात आणूच नका. वर दोन बोटे पाचट पसरले की ओल टिकते.

आणि कुंडीत ओल धरणारे तेच पाचट शेतात आपण काडी लावून जाळतो! बायांना कुंडीत कळते, ते आपल्याला एकरात कळू नये?

पुष्कळ घरांत सातबाऱ्यावर बाईचे नाव नाही, उसाच्या बिलावरही नाही. या दहा कुंड्या तरी तिच्या शब्दावर चालू द्याव्यात. कारखान्यानेही कुजलेल्या प्रेसमडची लहान पोती सभासदांच्या घरांसाठी गट ऑफिसात ठेवावीत, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे. खर्च फार नाही. येत्या सभेत सभासदांनी हा विषय जरूर काढावा.